फक्त वाचण्यापुरतं भिंग

माझे वडील धुळ्याला एका छापखान्यात कंपोझिटर होते. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणायचो. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत बसवायचा, ओळ भरली की पुढची ओळ, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, डाळ मिलची हँडबिलं, मतदारांच्या याद्या. तसे ते दिवसभर वाचतच असायचे, पण ते वाचन लोकांच्या कामाचं, आणि तेही उलटं, कारण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. घरी आल्यावर पुस्तक हातात घ्यायची ताकद डोळ्यांत उरायची नाही. रिटायर झाल्यावर वाचू, असं ते म्हणायचे. आम्ही ते ऐकून सोडून द्यायचो.

मग ऑफसेट आलं. मालकांनी खिळे भंगारात काढले आणि नाना घरी बसले. मी तेव्हा जळगावला एका पाइप कारखान्याच्या ऑफिसात होतो, पिंप्राळ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नानांचं मन कशात लागणार या काळजीने मी पहिल्या महिन्यात तीनदा धुळ्याला गेलो. काळजीचं काही कारण नव्हतं. त्यांनी वाचनालयाची वर्गणी भरली होती आणि आठवड्याला दोन पुस्तकं चालली होती. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, कुणाकुणाची चरित्रं. दुपारी जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे ते चहापर्यंत उठायचे नाहीत. वाचता वाचता छपाईची चूक सापडली की पेन्सिलीने समासात बारीक खूण करायचे. वाचनालयातल्या बाई त्यावरून एकदा रागावल्या होत्या, तरी सवय गेली नाही.

"हाऊ माणूस घरमा शे, पन घरमा नई," आई मला म्हणाली. तक्रार करताना ती हसत होती. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे मी बरंचसं पुस्तकी मराठीत लिहितो आहे, कारण हल्ली मलाही तसंच आठवतं.

चारेक वर्षं अशी गेली. नानांची ती सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मला नंतर कळलं.

एका रविवारी मी गेलो तर नाना पुस्तक उजेडाला तिरपं धरून बसले होते. चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे, परत लावायचे. धुळ्यात दोनदा नंबर बदलून झाला होता. मी विचारलं, नेमकं काय होतं?

"बठ्ठं दिखस," ते म्हणाले. "भिंत दिखस, दार दिखस, तू दिखस. पन ज्या अक्षराकडे पाहावं, तेच अक्षर दिसत नाही. त्याच्या आजूबाजूची दिसतात."

मी त्यांना जळगावला घेऊन आलो. कारखान्यातल्या एकाने डोळ्यांच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं, त्यांच्याकडे गेलो. डॉक्टर वयस्क होते, घाई न करता बोलायचे. डोळ्यांत औषध घालून त्यांनी बराच वेळ तपासलं. मग मला वेगळं न बोलावता नानांसमोरच सांगितलं, हे मला आवडलं.

"आबा, तुमच्या डोळ्याचा आतला पडदा मधोमध झिजत चाललाय. चष्म्याने हे सुधारणार नाही, ऑपरेशनही नाही. तुम्ही अगदी आंधळे होणार नाही. फिराल, जेवाल, माणूस ओळखाल. पण बारीक काम आणि वाचन अवघड होत जाईल."

नानांनी चष्मा परत लावला. मग विचारलं, "किती दिवसांत?"

"ते सांगता येत नाही."

डॉक्टर उठले आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचं कापड त्यांनी काढलं. खाली एक यंत्र होतं. यंत्र कसलं, एक मोठं चौकोनी भिंग, पाटीएवढं, जड लोखंडी स्टँडवर बसवलेलं. भिंगाच्या आत दिवा, आणि खाली एक सरकती फळी. फळीवर पुस्तक ठेवायचं, दिवा लावायचा, आणि फळी हाताने डावीकडे-उजवीकडे सरकवत ओळ वाचायची. मुंबईहून ऑर्डर देऊन मागवावं लागतं, म्हणाले. त्यांनी बाहेरच्या बाकावरचं एक जुनं मासिक आणून फळीवर ठेवलं आणि नानांना खुर्चीत बसवलं.

आधी नानांना जमेना. फळी एकदम सरकायची आणि ओळ निसटायची. मग त्यांनी डावा हात फळीच्या कडेवर ठेवला, अंगठा वर, चार बोटं खाली, आणि फळी बारीक बारीक सरकू लागली. एक शब्द आला, मग दुसरा. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पपईच्या लागवडीवरचा काहीतरी लेख होता. पाच-सहा ओळी वाचल्या आणि थांबले.

"इथं वेलांटी चुकलीये. पहिली हवी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि हसले. "घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या," ते मला म्हणाले. "डोळा थोडा बरा आहे तोवर हाताला आणि नजरेला सवय लागते. उशीर केला की सवय लागत नाही."

मी किंमत विचारली. ती माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपास होती. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

पैसे नव्हते असं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो. मला अडचण वेगळीच वाटत होती. एवढी मोठी वस्तू, एवढ्या खर्चाची, आणि तिचा उपयोग एकच. एका माणसाने, एका टेबलाशी बसून, पुस्तक वाचायचं. दुसऱ्या कुणाला काही कामाची नाही, दुसऱ्या कशाला लागत नाही. आमच्या घरात अशी वस्तू कधी आलीच नव्हती. सायकल आली ती सगळ्यांनी चालवली. टेबल होतं, त्यावर अभ्यासही व्हायचा आणि पापडही वाळायचे.

नानांना पोचवायला मी एसटीने धुळ्याला निघालो. एरंडोल येईपर्यंत ते तिकिटाची घडी घालत-उलगडत राहिले. मग म्हणाले, "वजनाला बरंच असेल ते, नाही का?"

"हो, लोखंडी आहे."

पारोळ्याला गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. परत गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "त्याला टेबल लागेल. आपलं खिडकीजवळचं टेबल चालेल बहुतेक. पाय हलतो त्याचा, पण तो ठोकून घेता येईल."

"सगळं टेबल अडकून पडेल मग," मी म्हणालो.

"तेही खरंच," नाना म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. अंधार पडला होता, बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. या माणसाने उभ्या आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागायचं झालं तर ते असंच मागणार होते. पण त्या गाडीत मला ते बोलणं टेबलाविषयीच वाटलं.

जळगावला परत आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "घेऊन टाका. नाना दुसरं करतात काय दिवसभर?" मी ऑफिसातही सांगितलं. तिथे शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला की भिंगाने डोळ्यांना उलट ताण पडतो. दुसरा म्हणाला, टेपरेकॉर्डर घे, पुस्तक वाचून कॅसेट भरून दे, पडल्या पडल्या ऐकतील, आणि रेडिओ त्यातच असतो, घरच्या सगळ्यांना उपयोग होईल. मला ते एकदम पटलं. मला पटायला तेवढंच हवं होतं, असं आता वाटतं. डॉक्टरांना एकदा जाऊन विचारावंसं वाटलं नाही. नानांनाही विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण असं विचारलं: "नाना, टेपरेकॉर्डर आणतो तुमच्यासाठी. चालेल ना?"

"तुला बरं वाटेल ते कर, भाऊ," ते म्हणाले.

टू-इन-वन आणला, काळा, चकचकीत, वर कडी असलेला. सोबत कोऱ्या कॅसेटी आणल्या. नानांना पहिलं पुस्तक कुठलं हवं ते विचारलं. त्यांनी एका कादंबरीचं नाव सांगितलं. जाड होती. अर्धी वाचून झाली होती तेव्हाच डोळ्यांनी दगा दिला आणि ती परत करावी लागली होती. पान दोनशे सोळापर्यंत आलो होतो, त्यांनी सांगितलं. त्यात एक मनुष्य बायकोमुलांना न सांगता गाव सोडून जातो आणि बारा वर्षांनी परत यायला निघतो. तो घरापर्यंत पोचतो की नाही, इथे नाना थांबले होते.

मी ते पुस्तक जळगावच्या वाचनालयातून मिळवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. असं का केलं कुणास ठाऊक. कॅसेटचा संच पूर्ण व्हावा, एवढंच डोक्यात होतं. रविवारी दुपारी दार लावून बसायचो. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, मुलगी दार वाजवायची, खाली भंगारवाला ओरडायचा. सगळं त्या टेपमध्ये भरलं जायचं. तीन कॅसेटी भरल्या आणि धुळ्याला नेऊन दिल्या. साठ-सत्तर पानं झाली असतील.

पुढच्या खेपेला विचारलं, "ऐकल्या का?"

"ऐकल्या. चांगलं वाचतोस तू." थोडं थांबून म्हणाले, "जरा भरभर होतं. एखादं वाक्य परत पाहावंसं वाटतं, तोवर तू पुढे गेलेला असतोस."

"बटण आहे ना नाना, मागे न्यायचं."

"आहे. पण ते फार मागे नेतं."

मी त्यांना बटण हलकं कसं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं. माझ्या समाधानासाठी पाहिलं असावं.

मग मार्चअखेर आली. स्टॉक मोजणी, ऑडिट, रविवारीही ऑफिस. एप्रिलात मुलीला कांजिण्या झाल्या. चौथी कॅसेट अर्धी भरून कपाटावर राहिली. पुस्तकाची मुदत संपली, ते परत केलं, पुन्हा आणू म्हटलं. मी दोनशे सोळाव्या पानापर्यंत कधी पोचलोच नाही. जे नानांनी डोळ्यांनी वाचलं होतं, तेवढ्याचाच एक तुकडा मी त्यांना पुन्हा ऐकवला होता.

टेपरेकॉर्डरचं मात्र चांगलं चाललं होतं. आई सकाळी भजनं लावायची. शेजारच्या बायका दुपारी गाणी ऐकायला यायच्या. सुट्टीत आमची मुलगी आजोबांकडे राहायला गेली तेव्हा तिने माझ्या एका कॅसेटवर स्वतःच्या कविता आणि शेजारणीच्या मुलीची गाणी भरली. मी तिच्यावर चिडलो तर नाना मध्ये पडले. "तिला मीच दिली," म्हणाले. "पडूनच होती." सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू घ्यायची म्हणून मी ती घेतली होती, आणि ती खरंच सगळ्यांच्या उपयोगी पडली. ज्याच्यासाठी आणली, तो तेवढा बाजूला राहिला. आता माझी मुलगी फक्त पुस्तकं वाचायचं एक छोटं यंत्र घ्यावं का म्हणून मला विचारते, फोनवरही वाचता येतंच की, म्हणते, तेव्हा मी तिला हेच सांगत बसतो, आणि ती म्हणते, बाबा, मी साधी गोष्ट विचारली होती.

दोन वर्षं अशीच गेली. मी महिन्याला एकदा जायचो. नाना ओट्यावर बसलेले असायचे, तब्येत ठीक होती, त्यामुळे सगळं ठीक आहे असंच मला वाटायचं.

मग एकदा ऑफिसच्या कामाने धुळ्याला जाणं झालं आणि काम लवकर संपलं म्हणून दुपारी दोनच्या सुमाराला न कळवता घरी गेलो. आई आत आडवी झाली होती. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं, आणि मी दारात उभा असताना त्यांनी पान उलटलं. मला क्षणभर आनंद झाला. वाटलं, डोळे सुधारले. मी जवळ गेलो.

"नाना, दिसतंय का?"

ते दचकले. मग पुस्तक मिटून म्हणाले, "नई रे. हाताले सवय शे. दुपारी हात रिकामा राहिला की बरं वाटत नाही."

चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. चोरी खरं तर माझीच होती. मी चहासुद्धा न घेता उठलो, संध्याकाळच्या गाडीने जळगावला आलो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ओळखलं नाही. आठवण करून दिल्यावर म्हणाले, "तेव्हा घेतलं नाहीत ना? आता त्यांना परत आणा, आधी तपासू."

तपासल्यावर त्यांनी स्पष्टच सांगितलं की आता फारसा उपयोग होणार नाही. मी तरी मागवा म्हणालो. तीन आठवड्यांनी ते लाकडी खोक्यातून आलं. मी आणि बायको ते एसटीने धुळ्याला घेऊन गेलो, मांडीवर आळीपाळीने धरून. टेबल खिडकीजवळ सरकवलं, हलणाऱ्या पायाखाली पुठ्ठा घातला. ती कादंबरी मी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विकत घेऊन ठेवली होती, ती दोनशे सोळाव्या पानावर उघडून फळीवर ठेवली.

नाना बसले. दिवा लावला. हात फळीवर बरोबर तसाच गेला, अंगठा वर, बोटं खाली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते म्हणाले, "प." फळी किंचित सरकली. "काना. पा. र." मग बराच वेळ थांबून, "पार... पारावर. पारावर बसला."

अख्खा शब्द एकदम दिसत नव्हता. नजरेच्या कडेने एकेक अक्षर पकडायचं, ते मनात ठेवायचं, पुढचं पकडायचं, आणि शब्द आपण जुळवायचा. ज्या माणसाने खिळे जुळवले नसते, त्याने पहिल्या ओळीलाच सोडून दिलं असतं. नानांनी त्या दुपारी चार ओळी वाचल्या. कपाळावर घाम होता. आई म्हणाली, पुरे करा आता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, एवढं वाक्य होऊ दे."

दिवसाला चार ओळी, कधी पाच. आई मला गल्लीतल्या एकांच्या फोनवरून कळवायची: आज एवढं झालं. नऊ पानं झाली. तोपर्यंत दोन महिने होत आले होते. मग एके दिवशी अक्षरंही हरवली. एक संपूर्ण दुपार बसून नानांना एक शब्द जुळेना. त्यांनी स्वतः दिवा बंद केला, यंत्रावर पंचा टाकला आणि पुन्हा त्या खुर्चीत बसले नाहीत.

मग मी जाऊन वाचून दाखवू लागलो. कॅसेटवर नाही, शेजारी बसून. लागोपाठ पाच रविवार गेलो. नाना मला दर दोन-तीन ओळींना थांबवायचे. "मागचं वाक्य परत वाच." मी वाचायचो. "पुन्हा एकदा." कधी एखादा शब्द ते स्वतःशी पुटपुटायचे आणि मग म्हणायचे, चल. मला पहिल्यांदा कळलं की ते कसे वाचायचे. गोष्ट कळायला एवढं थांबावं लागत नाही. ते ओळीत राहून यायचे. टेपच्या बटणाने ते होण्यासारखं नव्हतं.

पाचव्या रविवारी पुस्तक संपलं. तो मनुष्य गावाच्या वेशीपर्यंत येतो आणि आपल्या घरासमोर दुसऱ्याच माणसांनी धान्य वाळत घातलेलं पाहून मागे फिरतो. मी पुस्तक मिटलं.

"आवडला का शेवट, नाना?"

"बरा आहे," ते म्हणाले. "तू वाचलंस म्हणून मला तो मनुष्य तुझ्यासारखा वाटला. मी वाचत होतो तेव्हा वेगळा होता. पन बरा शे."

पुढचं पुस्तक आणू का, असं विचारलं, तर म्हणाले, "बघू. तुझीही ओढाताण होते." मी आग्रह केला नाही. आग्रह करायला हवा होता.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन नाना गेले. आजार आठच दिवसांचा. तेरावं झाल्यावर आईने विचारलं, त्या भिंगाचं काय करायचं, टेबल अडून पडलंय. मी ते त्याच खोक्यात भरून जळगावला आणलं आणि डॉक्टरांकडे नेऊन दिलं. कुणा गरजूला द्या, म्हटलं.

डॉक्टरांनी भिंग उजेडाकडे वळवून पाहिलं. काचेवर ओरखडा नव्हता, फळी सरकते ती पट्टीही नव्यासारखीच होती.

"किती दिवस वापरलं आबांनी?"

"दोन वर्षं," मी म्हणालो.

खरे दोनच महिने होते, आणि यंत्र त्यांनीच मागवलेलं असल्याने त्यांनाही ते कळलं असणार. त्यांनी बाहेर बसलेल्या एका बाईंना आत बोलावलं. पिंप्राळ्याच्याच होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, सोबत सून होती. डॉक्टरांनी तेच सांगितलं, पडदा मधोमध झिजतोय, हे भिंग उपयोगी पडेल, यांनी दिलंय, पैसे द्यायचे नाहीत. सून संकोचली. म्हणाली, घरात जागा लहान आहे, ह्यांना विचारते आणि पुढच्या आठवड्यात येते.

मी बाहेर जाऊन रिक्षा थांबवली. आत आलो आणि खोकं स्वतः उचललं. सुनेला म्हणालो, ताई, जागा मग करा. बाईंना विचारलं, सध्या घरात कुठलं पुस्तक आहे? त्यांनी सांगितलं. म्हटलं, आज दुपारीच लावा.